डावा पाच, उजवा सात

सोमवार, ३ मार्च

आज पुन्हा घोळ झाला. काळे बूट मागवलेल्या बाईंना तपकिरी गेले आणि तपकिरीवाल्या बाई अजून वाटच बघताहेत, त्यांना काहीच गेलं नाही. वहिनीने दोघींची फोनवर माफी मागितली. ती माफी इतकी गोड मागते की समोरच्यालाच आपलं चुकलं असं वाटायला लागतं. पण दिवसातून किती वेळा मागणार?

सगळ्या ऑर्डरी तिच्या फोनवर येतात. कुणी मेसेज करतं, कुणी बोलून सांगतं, कुणी पायाचा फोटो पाठवतं आणि नाव लिहायला विसरतं. मग आमच्या स्वयंपाकघरात डॉक्टर एक्स-रे बघतात तसा तो पाय सगळ्यांनी बघायचा आणि कोणाचा असेल ते ओळखायचं. संध्याकाळी दादा एप्रन सोडता सोडता म्हणाला, "आता आपल्याला धड दुकान पाहिजे. इंटरनेटवरचं. रंग निवडा, माप निवडा, पैसे भरा, संपलं. ते तू बघ. तू शिकलेली आहेस."

घरात हे वाक्य आलं की काम माझ्या गळ्यात पडलंच म्हणून समजायचं. पण खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. नोकरी सोडून घरच्या धंद्यात आल्यापासून मी खोकी चिकटवण्यापलीकडे फारसं काही केलेलं नाही.

ज्यांना विचारायचं आहे त्यांना पाठवायला म्हणून दुकानाची माहिती लिहून काढली: 'आमचा बूट-चपलांचा कारखाना. तळमजल्यावर काम, वर घर. ज्यांचे दोन पाय सारखे नसतात अशांसाठी दोन्ही पायांची मापं वेगवेगळी घेऊन जोड बनवतो. वडिलांनी हे काम एका मुलीसाठी सुरू केलं, आता मुलगा आणि सून चालवतात. दोन वर्षांपूर्वी सुनेने एक फोटो टाकला आणि लांबलांबून मागणी सुरू झाली.'

एका मुलीसाठी. ती मुलगी मी, हे लिहिलं नाही. माझा डावा पाय जन्मापासून लहान राहिला. डावा पाच नंबर, उजवा सात. दादा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ही गोष्ट कौतुकाने सांगतो. तो सांगायला लागला की मला आत काहीतरी काम आठवतं.

गुरुवार, ६ मार्च

तीन रस्ते दिसताहेत. पहिला, त्या मोठ्या बाजार-ॲपवर जाऊन बसायचं. तिथे गिऱ्हाईक आयतं, पण दुकान त्यांचं आणि आपण फळीवरचा माल. दादाने ऐकताऐकताच मान हलवली.

दुसरा रस्ता म्हणजे चष्मेवाला. कॉलेजात माझ्या वर्गात होता. फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेऊन तो आपल्याला हवं तसं दुकान बांधून देतो, पण नंतर त्याची देखभाल आपणच बघायची. तो आज आला, कारखान्यात स्टुलावर बसला आणि काही दाखवायचं सोडून प्रश्नच विचारत राहिला. गिऱ्हाईक फोनवर पहिलं काय बोलतं? कुठे अडखळतं? वहिनीला विचारलं, "तुम्ही फोनवर असं काय विचारता, जे दुसऱ्या बूटवाल्याला सुचणार नाही?" वहिनी म्हणाली, "मी आधी विचारते, कुठला पाय त्रास देतो. मग त्या मोकळ्या होतात."

शेवटी त्याने लॅपटॉपवर एक कच्चं पान दाखवलं. पांढरंफटक. त्यावर दोन खोके: डावा पाय, उजवा पाय.

"दवाखान्यात नाव नोंदवायचा कागद वाटतो," मी म्हटलं.

तो हसला. "रंग नंतर लावू गं. आधी भिंती तर उभ्या राहू देत."

मला त्या दोन खोक्यांकडे बघवेना. का ते नीट सांगता येत नाही. एवढ्या मोठ्या पानावर दुसरं काहीच नव्हतं म्हणून असेल.

तिसरा रस्ता तयार दुकान भाड्याने घ्यायचा. त्यांचा माणूस मंगळवारी व्हिडिओवर दाखवणार आहे.

मंगळवार, ११ मार्च

तयार दुकानवाल्यांचा माणूस टाय लावून आला होता. घरी बसून व्हिडिओवर बोलताना टाय! पण दुकान दाखवलं ते असं की आम्ही तिघंही तोंड उघडून बघत राहिलो. बूट पडद्यावर गोल फिरतो. बोट लावलं की रंग बदलतो. पैसे भरायची सोय, पार्सलची चिठ्ठी, गिऱ्हाइकाला आपोआप मेल, सगळं आतच. दादा मध्येच चामड्याची गाडी आली म्हणून खाली गेला. वहिनी आणि मी राहिलो.

मग टायवाल्याने विचारलं, "मॅडम, साइज एकच ना? की डावा-उजवा वेगळा घेणारेही आहेत तुमच्याकडे? माहितीत तसं वाचलं." त्याने समजावून सांगितलं. त्यांच्याकडे एका मालाचे शंभरापर्यंत प्रकार करता येतात. रंग आणि माप एवढंच असेल तर आरामात बसतं. डावं-उजवं वेगळं केलं की प्रत्येक डाव्याला प्रत्येक उजवा, त्याला प्रत्येक रंग, की आकडा शंभराच्या पार जातो. मग वरून एक जोडणी घ्यावी लागते आणि पान जरा बोजड दिसतं.

त्याच्या मागून कुणीतरी, बहुतेक त्याच्याच ऑफिसातली मुलगी, हसत म्हणाली, "वेगवेगळे पाय? असे असतात कोण?"

वाईट हेतू नव्हता तिचा. सहज बोलून गेली. पण माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. टेबलाखाली माझा डावा पाय आपोआप उजव्याच्या मागे गेला.

"फार थोडे असतात," मी म्हटलं. "त्यांचं आम्ही फोनवर बघून घेऊ."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मग टेबलाकडे.

बुधवार, १२ मार्च

तयार दुकानच घ्यायचं ठरवलं. कारणं मांडून बघितली: दिसायला सुरेख, बंद पडलं तर दुरुस्ती त्यांच्याकडे, पैसे भरायची सोय भरवशाची, उद्या धंदा दुप्पट झाला तरी कोलमडणार नाही. एकही कारण खोटं नाही.

दादाने जेवताना विचारलं, "आपलं डावं-उजवं बसतं ना त्यात?"

"बसतं," मी म्हटलं.

फोनवर बसतं, असं मला म्हणायचं होतं. ते पुढचं बोलायच्या आत त्याने वर्षाचं भाडं भरून टाकायला सांगितलं. मग कशाला पुन्हा विषय काढा.

चष्मेवाल्याला मेसेज करून नाही कळवलं. त्याचं उत्तर आलं, 'शुभेच्छा. ते दोन खोके मात्र विसरू नकोस.' याला दुसरं काही दिसतच नाही का?

शनिवार, २९ मार्च

दुकान उघडलं. आईला फोनवर दाखवलं. तिने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, "किती छान दिसतंय गं. आपलं वाटतच नाही."

मापाची एकच यादी ठेवली आहे, तीन ते नऊ. खाली एक ओळ टाकली: विशेष मापासाठी फोन करा. ती जरा बारीक आणि फिकी आली आहे. त्यांची थीम, म्हणजे पानाचा तयार साचाच, तशी आहे. रंग बदलता येतो म्हणा, पण पान बिघडलं असतं.

'विशेष' हा शब्द मला आवडत नाही. शाळेत बाई मला म्हणायच्या. दुसरा सुचला नाही.

सोमवार, ७ एप्रिल

काय सांगू, डोक्यावरचं ओझं उतरलं. ऑर्डरी वाढल्या. घोळ एकही नाही. काळ्याला काळे, तपकिरीला तपकिरी. पडद्यावर एक रेघ असते, एका ऑर्डरमागे सरासरी किती जोड जातात ते दाखवणारी. ती रोज वर चालली आहे. कितीतरी बायका एकदम दोन-दोन जोड घेताहेत! तोच बूट, तोच रंग, फक्त माप वेगळं. आई-मुली असतील, नाहीतर बहिणी. टायवाल्याला कळवलं तर तो म्हणाला, "मॅडम, हे थीमचं यश आहे."

आणि विशेष मापासाठी एकही फोन नाही. एकसुद्धा. म्हणजे मी त्या दिवशी बोलले ते काही खोटं नव्हतं. फार थोडेच होते. वहिनी त्यांच्याशी तास तास बोलायची म्हणून आपल्याला ते जास्त वाटायचे.

दादाला ती रेघ दाखवली. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. चामड्याचा वास असलेली थाप. लहान असल्यासारखं वाटलं.

शनिवार, १९ एप्रिल

खोकी ठेवायला जागा उरली नाही. कारखान्याच्या एका भिंतीला बाबांनी केलेली लाकडी कलबुतं आहेत, ज्यांच्यावर बूट चढवून शिवायचे ते लाकडी पाय. सारख्या मापाच्या जोडीची खालच्या फळ्यांवर, आणि वरच्या फळ्यांवर सुटी सुटी: कुणाचा रुंद डावा, कुणाचा आखूड उजवा, टाच झिजलेले, अंगठा वळलेले. प्रत्येकाच्या तळव्यावर बाबांच्या अक्षरात नाव.

दादा त्यांच्याकडे बघत म्हणाला, "दुकान उघडल्यापासून एकानेही वेगळी मापं मागितली नाहीत. लोकांचे पाय सुधारले की काय?"

मी हसले. तोही हसला, पण त्याचा चेहरा पडलेला होता.

"नव्या दुकानातून कागदावर नुसते आकडे येतात," तो म्हणाला. "पाच नंबर दहा, सात नंबर बारा. कुणाचे ते कळत नाही. बरं आहे म्हणा. हात भरभर चालतो." मग फळीवर हात ठेवून, "काढू हे वरचे? तुला फळ्या हव्यात ना?"

"काढ," मी म्हटलं.

दोन पोती भरली. पलीकडच्या सुताराला देऊन टाकली. माझी दोन तेवढी त्याने हत्यारांच्या खणात ठेवली. मी बघते आहे हे त्याला माहीत नव्हतं.

दुपारी पार्सलं बांधताना वहिनी म्हणाली, "या शाळेतल्या बाई बघ. पाच आणि सात. दोन्ही जोड एकाच घाटाचे. तिसऱ्यांदा."

"आई-मुली असतील."

"सारखे बूट घालून हिंडतात, वन्सं?"

वहिनी मला वन्सं म्हणाली की तिला राग आलेला असतो. मी म्हटलं, हौस असते एकेकाची. तिने चिकटपट्टी अशी खर्रकन ओढली की आई वरून म्हणाली, काय फाटलं?

शुक्रवार, २ मे

आज मेल पाठवली. दोन जोड घेणाऱ्या सगळ्यांना एकदम. कल्पना टायवाल्याची, शब्द माझे:

'एका जोडाने तुमचं भागत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे! म्हणून खास तुमच्यासाठी, तिसऱ्या जोडावर सूट.'

वर दोन बहिणी हातात हात घालून उड्या मारताहेत असं चित्र. दादाला वाचून दाखवलं, तो म्हणाला, "तू लिहितेस मात्र फर्मास." मी दिवसभर त्याच गुर्मीत होते.

बुधवार, १४ मे

आजचं लिहायला हवं.

सकाळी एक पार्सल आलं. पाठवणाऱ्या त्याच शाळेतल्या बाई. आत तीन वेगवेगळ्या घाटांचे सहा बूट. वाटलं, परत आलेला माल. बघितलं तर तळव्याला धूळही लागलेली नव्हती. प्रत्येक घाटाचे दोन: डावा पाच नंबर, उजवा सात नंबर. मला आधी वाटलं वहिनीने बांधताना उलटसुलट केलं.

मी फोन लावला. अगदी दुकानदारी आवाजात विचारलं, "मॅडम, आमच्याकडून काही चूक झाली का?"

"नाही हो," त्या म्हणाल्या. "बूट छान आहेत. माझा डावा सात आणि उजवा पाच. आधी तुमच्याकडे एक बाई फोन घ्यायच्या, त्यांना सगळं ठाऊक होतं. नव्या दुकानात ती सोय दिसली नाही. मग मी दोन जोड मागवते. एकातला डावा घेते, एकातला उजवा."

मी समोरचा एक बूट उलटा करून तळव्यावरचा नंबर पुन्हा वाचला.

"उरलेले कपाटात ठेवत होते," त्या म्हणाल्या. "मग तुमची ती मेल आली. एका जोडाने तुमचं भागत नाही."

"मॅडम, ती..."

"नाही, हसूच आलं मला. आधी जरा वाईट वाटलं, मग हसू आलं. म्हटलं, यांना खरंच ठाऊक आहे की काय! मग वाटलं, हे बूट पडून राहण्यात काय अर्थ आहे? तुमच्याकडे माझ्या उलट पायांची कुणी असेल तर तिला द्या. पैसे नकोत मला."

"तुम्ही फोन का नाही केलात? खाली लिहिलं होतं, विशेष मापासाठी..."

"दिसलं होतं नंतर. पण कसं आहे, दुकानाने यादीतून काढलं की माणूस समजतो. उगाच आपलं रडगाणं कोण लावणार? मुलांसमोर उभं राहायला बूट मिळाले, बास."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी 'हो' आणि 'धन्यवाद' असं काहीतरी बरळून फोन ठेवला.

दार लावून घेतलं आणि त्यातला एक जोड घातला. डावा पाच, उजवा सात.

मी गेली कितीतरी वर्षं बाहेरून सारखे दिसणारे बूट घालते. डावाही सातचाच. दादा आत पुढे गादी भरून देतो, कारण मी तसे मागते. संध्याकाळपर्यंत डाव्या पायाची बोटं बधिर होतात, ते कुणाला सांगत नाही. हे बूट दुसऱ्या कुणाच्या दोन जोडांतून उरलेले, आणि माझ्या पायांत असे बसले की रडूच फुटलं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. पायाचीही नव्हती वाटली इतकी.

गुरुवार, १५ मे

सगळ्या ऑर्डरी काढून बघितल्या. दोन-दोन जोड घेणाऱ्यांची नावं वहिनीला एकेक वाचून दाखवली. तिला जवळजवळ सगळी माहीत होती. "ही आपली पोलिओची. ही अपघातातली. हे पोस्टमन काका, यांचा उजवा रुंद आहे." आई-मुली कुणी नव्हत्या. बहिणी नव्हत्या. ती वर जाणारी रेघ म्हणजे हीच सगळी माणसं होती, एकेका जोडापायी दोन-दोन बूट कपाटात टाकणारी. आणि जे पुन्हा आलेच नाहीत, ते तर रेघेत दिसतही नाहीत.

यांतल्या प्रत्येकाला मी ती उड्या मारणाऱ्या बहिणींची मेल पाठवली आहे.

"तुला कळलं होतं," मी वहिनीला म्हटलं. "मग बोलली का नाहीस?"

वहिनी खोक्याच्या कडा दुमडायला लागली. "बोलणार होते. त्या टायवाल्यासमोरच बोलणार होते. पण मी तुझा पाय बघितला टेबलाखाली. मग मला बोलवेना."

म्हणजे तिने मला सांभाळून घेतलं, आणि मी पोस्टमन काकांना वाऱ्यावर सोडलं.

दादाला सांगायला हवं. आज नाही सांगितलं. जेवतानाही त्याच्याकडे बघता आलं नाही. आईने विचारलं, भाजीत मीठ जास्त झालंय का, तोंड का असं?

रविवार, १८ मे

सांगितलं. सुट्टी असून दादा खाली एकटाच टाचा ठोकत होता. मी समोर उभी राहून भडाभडा बोलून टाकलं. टायवाल्याने विचारलं होतं, मी नको म्हटलं. तू विचारलंस तेव्हा बसतं म्हटलं. बसत नव्हतं. लोक दोन-दोन जोड का घेतात ते.

दादाने हातोडी खाली ठेवली. मला वाटलं ओरडेल. तो लहानपणी ओरडायचा तसा ओरडला असता तर मीही ओरडले असते आणि निकाल लागला असता.

"म्हणजे लोकांना आपलं काम हवं होतं," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटलं, संपलं ते. मी आपला मनाशी म्हणत होतो, बाबा होते तोवर ठीक होतं." त्याने एप्रनला हात पुसले, स्वच्छ होते तरी. "मी पोती देऊन टाकली गं."

मग मान खाली घालून बसला, आणि मी त्याच्यासमोर उभी. मला वाटत होतं की माझं लपवणं माझ्यापुरतं आहे. माझा पाय, माझी लाज, कुणाचं काय जातं. त्याने बाबांची कलबुतं माझ्या लाजेपायी उचलून दिली, आणि वरून स्वतःच्या हातांवरचा विश्वास घालवून बसला, हे मला दिसलंच नाही. रेघ तेवढी दिसली.

आम्ही दोघं सुताराकडे गेलो. त्याच्या वखारीची सगळी दारं उघडी होती आणि प्रत्येक दाराखाली बाबांचा एकेक लाकडी पाय सारलेला. "झकास अडतं दार," सुतार म्हणाला. "टाच बरोब्बर बसते." दादाला हसू आवरेना. मलाही. हसता हसताच मी खाली बसून ती ओढून काढायला लागले. सुतार बिचारा गोंधळून म्हणाला, अहो ताई, राहू द्या, मी देतो काढून. काहींचे त्याने खुंटे केले होते. ते गेले. बाकीची आणली. वहिनीने ओल्या फडक्याने पुसून वरच्या फळ्यांवर लावली. खोकी आता जिन्यात आहेत, आई रोज अडखळून शिव्या घालते.

मंगळवार, २० मे

चष्मेवाल्याकडे गेले. वाटेत चार वेळा परत फिरावंसं वाटलं. मी काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, त्याने पहिल्याच वाक्याला थांबवलं. "ते पान अजून आहे माझ्याकडे. पुसलं नव्हतं." मग चहा मागवला आणि पुन्हा प्रश्न सुरू. या वेळी मी उत्तरं दिली. कुठला पाय त्रास देतो, हा प्रश्न पानावर सगळ्यात वर घालायचा असं मी सांगितलं. वहिनीचं वाक्य, तसंच्या तसं.

तयार दुकानाचं भाडं वर्षभराचं गेलं, ते परत मिळत नाही. दादा म्हणाला, जाऊ दे. मला जाऊ देता येत नाही.

टायवाल्याला कळवलं. तो चकित झाला. "पण मॅडम, तुमची सरासरी बघा ना!"

रविवार, ८ जून

नवं दुकान जवळजवळ तयार. चष्मेवाल्याला मापाच्या पानासाठी एक फोटो हवा आहे: कागदावर ठेवलेले दोन पाय, वेगवेगळ्या मापाचे, भोवती पेन्सिलीची रेघ, म्हणजे लोकांना घरी माप कसं घ्यायचं ते कळेल. "कुठूनही घे," तो म्हणाला. "इंटरनेटवर मिळेल." शोधलं, मिळत नाही. इंटरनेटवर सगळ्यांचे पाय सारखे आहेत.

वहिनी म्हणाली, पोस्टमन काकांना विचारू का? ते नाही म्हणणार नाहीत. मी 'विचार' म्हणणार होते. अगदी जिभेवर होतं.

दिवाणखान्यात खिडकीपाशी कागद पसरला आणि मी बूट काढले. मोजेही. घरातल्यांनीसुद्धा माझे दोन्ही पाय एकत्र असे भर उजेडात फारसे पाहिलेले नाहीत. दादा गुडघ्यावर बसला आणि पेन्सिल फिरवायला लागला, बाबा फिरवायचे तशी, टाचेपासून. गुदगुल्या झाल्या. वहिनी खुर्चीवर चढून फोन धरून उभी.

आई आतून हात पुसत आली. फोटो निघतोय एवढंच तिला दिसलं असणार. नेहमीच्या सवयीने म्हणाली, "पाय मागे घे गं, फोटोत येतील."

लहानपणापासूनच्या प्रत्येक फोटोच्या आधी ती हे बोलली आहे. वाढदिवस, लग्नं, शाळेचं संमेलन. मायेनेच बोलायची. माझे पाय सवयीने हललेसुद्धा. दादाने घोटा धरून ठेवला.

"फोटो त्यांचाच आहे, आई," मी म्हटलं.

आई जवळ आली. मग खाली वाकली आणि माझ्या डाव्या अंगठ्यावर लागलेली पेन्सिल पदराने पुसली.

मंगळवार, १७ जून

नवं दुकान कालपासून सुरू. आधीइतकं सुरेख नाही. बूट गोल फिरत नाही. ती सरासरीची रेघ धाडकन खाली आली आहे. आज सगळ्यांना एक नवी मेल गेली, माफीची. मी लिहिली, दादाने वाचली, या वेळी फर्मास म्हणाला नाही. आम्ही तुम्हाला यादीतून काढलं होतं, ती चूक माझी होती, असं लिहिलं आहे. पाठवायचं बटण वहिनीने दाबलं, माझ्याने दाबवलं नाही.

संध्याकाळी शाळेतल्या बाईंची ऑर्डर आली. डावा पाय: सात. उजवा पाय: पाच. नग: एक.

शेवटी 'काही सांगायचं आहे का' असा एक खोका चष्मेवाल्याने ठेवला आहे. त्यात त्यांनी लिहिलं होतं, 'मापाच्या पानावरच्या फोटोतले पाय अगदी माझ्या उलट आहेत. कुणाचे आहेत? मी पाठवलेले बूट त्यांना बसले का?'

मी आधी उत्तर लिहिलं, 'आमच्या एका ग्राहकाचे.' वाचलं. खोडलं. 'कारखान्यातल्या एका व्यक्तीचे.' तेही खोडलं. टेबलाखाली डावा पाय पुन्हा उजव्याच्या मागे गेला होता, तो ओढून पुढे आणला. पायांत त्यांचेच बूट होते.

मग लिहिलं, 'माझे आहेत. छान बसले.' आणि पाठवून दिलं.